यशोगाथा आणि गिऱ्हाईक

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात 'करिअर मार्गदर्शन' या नावाचा एक कार्यक्रम झाला. पाहुणे पुण्याहून आलेले, स्वतः कारखानदार, आणि विशेष म्हणजे आपल्याच समाजातले. तासभर बोलले आणि चांगले बोलले. बापाची मजुरी, आईचे जुनेर, रात्री दिव्याखालचा अभ्यास, पहिला धंदा बुडाला तेव्हाची कर्जे, मग दुसरा धंदा, मग यंत्रे, मग कामगार, मग मोटार. सांगायचे तात्पर्य त्यांनी फळ्यावर लिहावे तसे सांगितले: नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा, अपयश ही पायरी आहे, धोका पत्करा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यात खोटे काही नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी व्हरांड्यात थांबला. त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. म्हणाला, "सर, मला पायव्यांला विचारायचं व्हतं, पर धीर नाही झाला. माझं दूध डेरीवर जातं. तिथं समद्यांचं दूध एकात एक व्हतंय, मंग कोणी काही म्हणत नाही. पर डेरीत भाव कमी. गावात घरोघर रतीब घातला तर लिटरमागं जास्त मिळतील. पर घेईन कोण सर आमच्या हातचं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पाहुण्यांपाशीही नसते, असे मला वाटते. कारण त्यांच्या तासभराच्या कथेत भांडवल होते, बँक होती, जिद्द होती, पण गिऱ्हाईक नावाचा माणूस एकदाही आला नव्हता. हा लेख त्या गैरहजर माणसाविषयी आहे.

यशोगाथा हा आता आपल्याकडे एक वाङ्मयप्रकारच झाला आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, सत्काराच्या भाषणांत, चरित्रवजा पुस्तकांत तो आढळतो. समीक्षक त्याच्याकडे वाङ्मय म्हणून पाहत नाहीत, म्हणून त्याची तपासणी होत नाही. वास्तविक त्याची घडण इतकी ठरलेली आहे की पोवाड्याचीही नसेल. आधी उपासमार, मधे एक अपमानाचा प्रसंग, मग निश्चय, शेवटी सन्मान. गंमत अशी की यातला पहिला अर्धा भाग दलित स्वकथनाचाच आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० साली. भूक, चिंध्या, गावकुसाबाहेरचे घर, शाळेतली वेगळी जागा हे सारे तिथे आहे आणि यशोगाथेतही आहे. मग फरक कुठे पडतो? स्वकथनात भूक ही साक्ष असते. ती कुणाच्या तरी विरुद्ध दिलेली असते. यशोगाथेत तीच भूक उंची मोजण्याची पट्टी होते. जितका खड्डा खोल तितका माणूस उंच. खड्डा कुणी खणला हा प्रश्न तिथे शिष्टाचाराला धरून नसतो. सत्काराच्या व्यासपीठावर तो विचारायचा तरी कुणाला? खुर्चीवर तेच बसलेले असतात.

'बलुतं' या शब्दाकडेच जरा नीट पाहावे. बलुते म्हणजे किंमत नव्हे. सुतार-लोहाराला निदान हातात काही वस्तू करून द्यायची असे. महाराला तर गावकी, सांगावे, मेलेले ढोर, वेशीची राखण. त्या कामाचा दर ठरत नसे, घासाघीस होत नसे. मिळे तो वाटा, आणि पुष्कळदा मिळे ती भाकरी. म्हणजे विकणारा आणि विकत घेणारा हे नातेच आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला आले नाही. दुसऱ्याच्या घरात आजोबाने मुलाला गल्ल्यावर बसवून गिऱ्हाईक कसे ओळखावे हे शिकवले, तेव्हा आमच्या आजोबाने मुलाला जोहार कसा घालावा हे शिकवले. उद्योजकतेचे धडे देणाऱ्या पुस्तकांत 'ओळखीपाळखी वाढवा' असे एक वाक्य हमखास असते. ते वाचताना मला नेहमी हसू येते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक लहान प्रसंग आपल्याकडे फार कमी चर्चिला जातो. बडोद्याची नोकरी सोडून ते १९१७ साली मुंबईला परत आले. कोलंबियाची अर्थशास्त्राची पदवी गाठीशी होती. त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर बाजारातल्या व्यवहारांवर सल्ला देणारी एक पेढी काढली. आजच्या भाषेत ही अगदी आधुनिक कल्पना. ज्ञान होते, गरज होती, आरंभी माणसे आलीही. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती येईनाशी झाली आणि पेढी मिटली. १९१८च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केलीच. पण विद्यार्थी वर्गात बसून होते, पगार सरकारचा होता.

या प्रसंगाला 'अपयश ही पायरी आहे' हे सूत्र लावून पाहावे. कोणती चूक सुधारायची होती? सल्ला चुकला नव्हता. भांडवल कमी पडले नव्हते. धोका तर पत्करलाच होता. त्या अपयशातून व्यक्तीने शिकण्यासारखे काहीच नव्हते. शिकायचे होते ते गिऱ्हाइकाने. अनुभवी लोकांच्या उपदेशात अपयशाचे दोनच प्रकार असतात, घाई आणि आळस. हा तिसरा प्रकार त्यांच्या यादीत नाही.

याच सुमारास कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांची हकीकत घडली. राजवाड्याच्या चाकरीतला हा माणूस. राखीव हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले, 'सत्यसुधारक हॉटेल'. दुकान स्वच्छ, चहा चांगला, तरी सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या अंमलदारांनाही घ्यायला लावू लागले. मला या कथेत महाराजांच्या औदार्यापेक्षा दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. शाहूंनी नेमके ओळखले की पैसा देऊन भागणार नाही, गिऱ्हाईक दिले पाहिजे. एका चहाच्या कपासाठी एक छत्रपती लागला! आमच्या विद्यार्थ्याच्या दुधासाठी आज कोण गाडी थांबवणार आहे?

आता आजच्या यशस्वी माणसांकडे येऊ. मी त्यांच्याविषयी आदरानेच बोलतो आहे. अशोक खाडे सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे. वडील मुंबईत दादरला चित्रा टॉकीजपाशी झाडाखाली चपला शिवत. तिघे भाऊ माझगाव गोदीत कामाला लागले. तिथे कसब आले, अशोकराव जर्मनीला जाऊन आले, आणि पुढे भावांनी मिळून दास ऑफशोअर ही कंपनी उभारली. समुद्रातल्या तेलविहिरींचे लोखंडी सांगाडे ती बांधते. कल्पना सरोज अकोला जिल्ह्यातल्या. बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, मरणाच्या दारातून परत, मग मुंबईत दोन रुपये रोजावर शिलाईचे काम. २००६ साली त्या कमानी ट्यूब्जच्या अध्यक्ष झाल्या, २०१३ साली पद्मश्री. या बाईंच्या धैर्यापुढे मान लवते.

पण या यशांची जागा पाहा. तांब्याच्या नळ्या, समुद्रातले पोलाद. तिथे गिऱ्हाईक म्हणजे एखादी कंपनी, निविदा आणि मोजमापाचा कागद. मालावर कुणाचा हात लागला हे विचारायला तिथे कुणी बसलेले नाही. डेरीतल्या दुधाप्रमाणे सारे एकात एक होते. अन्न, पाणी, दूध, किराणा, म्हणजे जिथे एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या तोंडात जाते, तिथे अशी मोठी नावे मला सापडत नाहीत. नसतीलच असे नाही. पण कमी का आहेत, याचा विचार यशोगाथा करीत नाही.

कमानीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गळते. कुर्ल्याचा तो कारखाना मालकांच्या भांडणात बंद पडला होता आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेने तो चालवायला घेतला. देशात गाजलेला प्रयोग होता तो. पुढे तोही अडखळला, कर्ज साचले, आणि मग कामगारच कल्पनाताईंकडे गेले. म्हणजे त्यांच्या यशामागे शेकडो कामगारांचा एक मोठा प्रयत्न आणि त्याचे अपयश उभे आहे. तो प्रयोग का फसला यात आमच्या पोरांना शिकण्यासारखे कितीतरी असेल. पण ते सांगितले तर कथेचा नायक एक राहत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचा चेंबर, 'डिक्की', स्थापन केला. त्यांना मी यशोगाथाकारांच्या रांगेत बसवत नाही, कारण त्यांनी गिऱ्हाइकाचा प्रश्न निदान ओळखला. केंद्र सरकारने २०१२ साली आदेश काढला की सरकारी उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांकडून करावी. हे शाहू महाराजांच्या चहाचेच कायदेशीर रूप म्हणायचे. मात्र पहिल्या दहा वर्षांत ते ४ टक्के कधी भरले नाहीत. महाराजांनी गाडी थांबवली होती. इथे गाडी थांबवायचा नुसता हुकूम निघाला. आणि २००५च्या आर्थिक गणनेत अनुसूचित जातींच्या मालकीचे उद्योग ९.८ टक्के भरले, लोकसंख्येतला वाटा सोळा टक्क्यांवर असताना. त्यांतलेही बहुतेक एकट्या माणसाने चालवलेले. कर्ज देणारी महामंडळे आपल्याकडे १९७८ पासून आहेत. त्यांतल्या एकाचा पैसा कसा भलतीकडे गेला, हे २०१५ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचले.

आपल्या चळवळीतले काही मित्र या साऱ्याची एका वाक्यात वासलात लावतात. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, तेव्हा दलित भांडवलदार हा शब्दच विसंगत, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार उचलणाऱ्याने चहाचा गाडा लावणाऱ्याला भांडवलशहा म्हणणे हा विनोद आहे. जोतीरावांनी स्वतः पुण्यात कंत्राटदारीची कंपनी चालवली. पण त्यांनी 'मी यशस्वी कंत्राटदार कसा झालो' असे पुस्तक लिहिले नाही. इंजिनिअर खात्यात कोण कसा पैसा खातो हे त्यांनी पद्यातून उघड केले. अनुभवी माणसाचा अनुभव असाही सांगता येतो.

नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली आले, ते मी बी.ए.ला असताना वाचले. ते यशाचेच पुस्तक आहे, आणि तरी मला जवळचे वाटते. त्यात बाप शिकलेला नाही, पण भाषा त्याची आहे. मुले मोठी झाली तरी पुस्तकावर बापाचाच ताबा आहे. माझा बाप सालगडी होता. त्याने मला धंद्याविषयी एकच गोष्ट सांगितली: उधार आणू नको. हा सल्ला उद्योजकतेच्या कोणत्याही पुस्तकाच्या विरुद्ध आहे आणि त्याच्या जागी तो शंभर टक्के बरोबर होता. कारण त्याच्या अनुभवात उधारी म्हणजे पुढच्या सालाचे सही न केलेले कागदपत्र. मी त्याचे ऐकले. नोकरी मागितली. सहा वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले, उन्हाळ्यात बिनपगारी घरी बसलो, मग कायम झालो. गावात माझी यशोगाथा सांगतात. त्यातही ती सहा वर्षे गळलेली असतात.

थोरल्या भावाने बापाचे ऐकले नाही. त्याने बाळापूरजवळ हिंगोली-नांदेड रस्त्यावर चहा-भज्यांचा गाडा लावला. तीन वर्षे चांगला चालला. ट्रकवाले, अकोल्याकडचे, देगलूरकडचे, तेलंगणातले, भजी खाऊन जात. नाव विचारीत नसत. गावातले चार-दोन सोडले तर बाकीचे पुढच्या हॉटेलात जात. तिथली भजी चांगली नव्हती हे ते स्वतःच सांगत. मग रस्त्याच्या रुंदीकरणात गाडा हलवावा लागला. नवी जागा गावात, बाजाराच्या बाजूला. भाऊ तोच, कढई तीच. आठ महिन्यांत बंद केला.

मी त्याला पाहुण्यांच्या भाषणाविषयी सांगितले, अपयश पायरी आहे वगैरे. तो हळदीच्या काहिलीवर मजुरीला जाऊन आला होता, हात पिवळे होते. म्हणाला, "आरं, मी काही फेल नाही झालो. रस्त्यावर माझी भजी चालत व्हती का नव्हती?"

त्या दूधवाल्या विद्यार्थ्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. सध्या मी त्याच्याकडून रोज एक लिटर घेतो. शेजारच्या दोन प्राध्यापकांना विचारले आहे. एक हो म्हणाले. दुसरे म्हणाले, बायकोला विचारून सांगतो.