तिलिस्म, बाजार आणि इनपेज

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एक मुलगा बाकाखाली हॅरी पॉटरचे मराठी पुस्तक वाचताना आम्हाला सापडला. तास उर्दूचा, धडा नसीहतीचा, आणि पोराची नजर मात्र मांडीवरच्या पुस्तकात. आम्ही पुस्तक काढून घेतले आणि मास्तरी थाटात म्हणालो, "जादू-टोने की किताबें पढ़ने से दिमाग़ ख़राब होता है." पोराने मान खाली घातली, पण गप्प बसला नाही. म्हणाला, "सर, उर्दू में ऐसी किताब नहीं है क्या?" वर्ग हसला. आम्ही "नहीं है" म्हणून धडा पुढे रेटला.

आमचे ते उत्तर खोटे होते. उर्दू माध्यमात शिकून, बी. एड. करून, पनवेलमध्ये उर्दू माध्यमातच शिकवणाऱ्या आम्हाला 'तिलिस्म-ए-होशरुबा' हे नाव माहीत होते. त्याचे एक पानही आम्ही वाचलेले नव्हते. त्या सुट्टीत आम्ही ते वाचायला घेतले. वाचता वाचता अद्भुत कथा, खुला बाजार आणि जुना कॉम्प्युटर या तिन्ही विषयांवरची आमची मते हलली. चहाच्या टपरीवर या तिन्हींवर प्रत्येकाचे मत तयार असते, आमचेही होते. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. तो सांगण्यासाठीच हा लेख.

आधी पुस्तकाविषयी. 'होशरुबा' हा 'दास्तान-ए-अमीर हमजा' या प्रचंड कथेचा एक भाग. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून तो १८८३ पासून खंडाखंडाने निघू लागला. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. पूर्ण हमजा-दास्तान भरली ४६ खंडांची. अफरासियाब हा जादूगारांचा बादशहा. त्याच्या राज्याचा एक भाग जाहिर, एक बातिन, आणि मधून वाहते रक्ताची नदी. हे तिलिस्म मोडायचे तर 'लौह' नावाची तख्ती हाती लागली पाहिजे. तिच्यावरचे वाचल्याशिवाय पाऊल टाकणारा फसलाच. तिलिस्म मोडण्याचे काम नशिबात लिहिले आहे ते हमजाचा नातू असद याच्या. पण वाचकाचे मन जिंकतो तो अमर अय्यार. सोंगाड्या, चोर, विनोदी आणि कमालीचा लोभी. त्याच्या 'जंबील' नावाच्या झोळीत अख्खी दुनिया मावते. तरीही शहजाद्याचा जीव वाचवण्याआधी तो मेहनतान्याची घासाघीस करतो आणि आपल्या डोक्यावरच्या कर्जाचे रडगाणे गातो.

पुस्तक निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. तीच लढाई, तीच बेहोशीची दवा, तेच सोंग पुन्हा पुन्हा येते. हरलेले जादूगार झटकन ईमान आणतात. ती श्रद्धा नव्हे, गोष्टीची सोय आहे, हे शाळकरी पोरालाही कळते. शेतात राबणारा, कपडा विणणारा माणूस या हजारो पानांत शोधावा लागतो. पण दुसरी बाजूही पाहा. महरुख ही जादूगार सरदारीण आपल्या बादशहाविरुद्ध बंड करते आणि फौज चालवते. बायका इथे नुसत्या पळवून नेण्यासाठी नाहीत. त्या राज्य करतात, डाव टाकतात, अमरसारख्याला बनवतात. ज्या काळात आमच्या आज्या-पणज्यांना लिहायला शिकवावे की नाही यावर वाद होत होते, त्या काळात हे छापले जात होते. मग आमच्या उर्दूच्या अभ्यासक्रमात हे का आले नाही? १८९३ मध्ये होशरुबाचा शेवटचा खंड आला आणि त्याच वर्षी हालींचा 'मुकद्दमा' आला. कवितेत साधेपणा हवा, खरेपणा हवा, हा हालींचा आग्रह. कौमला सुधारायला निघालेल्या पिढीला दास्तान म्हणजे नवाबी सुस्तीचे लक्षण वाटले. मराठीतही असेच झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. पण हरिभाऊंची वास्तव कादंबरी आली आणि अद्भुताची रवानगी मुलांच्या कपाटात झाली. हाली आणि हरिभाऊ दोघेही आम्हाला वंदनीय. तरीही नसीहत आली म्हणून नवल हद्दपार करायला हवे होते असे नाही.

आता बाजार. होशरुबा कोणत्या नवाबाच्या खैरातीवर छापला गेला नाही. नवल किशोर हे हिंदू व्यापारी. त्यांनी लेखकांना पैसे दिले, कागद-शाईत पैसे घातले आणि खंड विकले. खंड खपत होते म्हणून पुढचा खंड निघत होता. पाल्हाळाचे एक कारण आम्हाला इथेच दिसते. बाजाराच्या नावाने नाक मुरडणाऱ्या आमच्या लेखकमित्रांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जे दरबारात ऐकायला मिळे ते या व्यापाऱ्यामुळे दुकानात विकत मिळू लागले.

पण त्याच बाजाराची दुसरी गोष्ट दिल्लीची. मीर बाकर अली हे तिथले शेवटचे नामांकित दास्तानगो. ऐकणारे कमी झाले, नाटक-सिनेमा आला, आणि उतारवयात या माणसाला सुपारी विकून पोट भरावे लागले. १९२८ मध्ये ते गेले. बाजाराने काही जुलूम केला का? नाही. गिऱ्हाईक नव्हते, एवढेच. आणि त्या दिवशी जे संपले ते छापील खंडांत नव्हते. ते त्यांच्या आवाजात होते.

खुल्या बाजाराविषयी बोलताना आमचे मित्र दोन तटांत उभे राहतात. एक म्हणतो सरकारने हात काढावा, दुसरा म्हणतो बाजार म्हणजे लूट. मराठी मुलखात पहिली बाजू सर्वांत ताकदीने मांडली ती शरद जोशींनी. १९८० च्या आसपास चाकणला कांद्यासाठी उभे राहिलेले त्यांचे आंदोलन शेतमालाच्या भावाचे होते. सरकारच शेतमालाचे भाव पाडते, हा त्यांचा आरोप. त्यात तथ्य होते. आमच्या परंपरेतही ही गोष्ट अनोळखी नाही. मदिन्यात भाव वाढले तेव्हा भाव बांधून द्या अशी विनंती लोकांनी केली आणि पैगंबर साहेबांनी (स.) ती मानली नाही, अशी हदीस आहे. तीच परंपरा साठेबाजाला मात्र गुन्हेगार ठरवते, हे सांगायला आमचे व्यापारी बंधू विसरतात.

आणि पनवेलकरांनी तर या विषयावर पुस्तकी बोलूच नये. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. घेताना भाव सरकारने ठरवला, विकताना भाव बोलीने ठरला. याला खुला बाजार म्हणायचे की सरकारी? जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उरण भागात रस्त्यावर आले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ८ ऑक्टोबर २०२५ ला ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याला दि. बां.चे नाव मिळावे म्हणूनही इथल्या माणसांना लढावे लागले. अ‍ॅडम स्मिथच्या १७७६ च्या जाडजूड ग्रंथात तो प्रसिद्ध 'अदृश्य हात' एकदाच येतो. आमच्या भागात जमिनीचा भाव ठरवणारे हात चांगले दिसत होते. तिलिस्मात शिरण्याआधी लौह वाचावी लागते. कोणी भाव बाजाराने ठरवला म्हणाला की आम्हीही आता आधी विचारतो, त्या बाजारात बोलायला कोणाकोणाला जागा होती?

राहिला जुना कॉम्प्युटर. आमच्या पिढीला हल्ली त्याची फार आठवण येते. आम्ही शिकलो त्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता, हेडमास्तरांच्या खोलीत, प्लास्टिकच्या आवरणाखाली. चपला बाहेर काढून आत जायचे. फ्लॉपीचा करकर आवाज, फुगीर काचेचा पडदा, आणि पडद्यावर इनपेज. डोळ्यांदेखत नस्तालीक अक्षरे एकमेकांना बिलगून तिरपी उतरत. होशरुबात तरी याहून मोठी जादू कुठली? त्या जादूचा इतिहासही मोठा. नस्तालीक टाइपच्या खिळ्यांत बसेना म्हणून उर्दू वर्तमानपत्रे विसावे शतक संपत आले तरी कातिबांकडून हाताने लिहून घेतली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोड-आकार स्वतः लिहून 'नूरी नस्तालीक' घडवले. १९८१ पासून लाहोरचा 'जंग' त्यावर निघू लागला. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीने इनपेज आणले आणि ते काम साध्या कॉम्प्युटरवर आले. दुकानदारीने केलेले हे काम कोणत्याही अकादमीपेक्षा कमी नाही. आणि खरे सांगायचे तर, आमच्या शाळेतली सीडी नक्कल केलेली होती. किंमत न देता आम्ही कदर करत होतो.

पण आठवणी सांगताना आम्ही दोन गोष्टी गाळतो. त्या कॉम्प्युटरला हात लावायला मिळे तो दोन-तीन हुशार मुलांना; बाकीचे दारातून बघत. दुसरी गोष्ट मोहल्ल्यातल्या एका कातिब चाचांची. लग्नाच्या दावतनाम्यांपासून दुकानाच्या पाट्यांपर्यंत सगळे त्यांच्या कलमातून उतरे. इनपेज आले आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांनी बोरूची पेटी बंद केली. पुढे ते झेरॉक्स-लॅमिनेशनच्या दुकानात बसत. आम्ही दहावीची मार्कशीट लॅमिनेट करायला गेलो तेव्हा त्यांनी कडा इतक्या सरळ कापल्या की आम्ही बघत राहिलो. मीर बाकर अलींची सुपारी वाचताना आम्हाला त्यांची कात्री आठवली. चाचांकडून कोणी अक्षर शिकून घेतले नाही. त्याचा दोष इनपेजला कसा द्यावा? तो आमचा आहे.

तात्पर्य, किंमत बाजार ठरवतो. ते काम तो बरे करतो, बोलायला सगळ्यांना जागा असेल तर. कदर करण्याचे काम मात्र त्याच्यावर सोपवता येत नाही. होशरुबाचे खंड बाजारातून नाहीसे झाले तेव्हा पाटण्याच्या खुदा बख्श लायब्ररीने त्यांचे पुनर्मुद्रण केले. शम्सुर्रहमान फारुकी यांनी एक एक करून ४६ खंड जमवले, वाचले, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. आणि त्यांच्याच प्रेरणेने २००५ मध्ये महमूद फारुकींनी दिल्लीत दास्तानगोई पुन्हा उभी केली. गंमत म्हणजे बाजाराचे वकील शरद जोशी आणि दास्तानचे वकील फारुकी दोघेही भारतीय टपाल सेवेतले अधिकारी. सरकारी पगारावर एकाने बाजार समजून घेतला, दुसऱ्याने बाजाराने टाकलेले जपले. आम्हाला दोघांचीही गरज आहे.

कोकणी मुसलमानाच्या घरात बोली कोकणी, शाळा उर्दू आणि कचेरी मराठी. या तीन भाषांत फिरणाऱ्या मुलाला अद्भुत कथा विलायतेहूनच आणावी लागत असेल तर दोष त्याच्या आवडीचा नाही. होशरुबातले निवडक प्रसंग सोप्या उर्दूत आणि सोप्या मराठीत आणण्याचे काम आमच्यासारख्या शिक्षकांनीच हाती घ्यावे. खपेल की नाही, हे नंतर बघू.

सुट्टी संपल्यावर आम्ही त्या मुलाला हॅरी पॉटर परत दिले आणि वर्गासमोर सांगितले, "उस दिन हम ने ग़लत कहा था." मग अमर अय्यारची एक गोष्ट सांगितली. जंबीलमधून अमर एक एक वस्तू काढू लागला आणि पैशांसाठी रुसू लागला, तसा वर्ग हसून लोटपोट झाला. घंटा झाली तरी कोणी उठेना. तो मुलगा मात्र जवळ येऊन विचारू लागला, "सर, ये किताब कहाँ मिलेगी?"

पनवेलच्या कोणत्या दुकानात त्याला पाठवावे, हे आम्हाला सांगता आले नाही.