लाट उठवणारी गिटार, ओसरवणारा पियानो

सर्फ संगीत म्हणजे गिटार, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की त्यातली बाकीची वाद्यं आपल्याला ऐकूच येत नाहीत. डिक डेलचं १९६२चं 'मिसिरलू' १९९४ साली 'पल्प फिक्शन'मधून पुन्हा जगभर पोहोचलं आणि त्या सुसाट गिटारनं या संगीताची ओळख कायमची ठरवून टाकली. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. ती का, हे कळायला 'द शँटेज' या बँडचं 'पाइपलाइन' पुन्हा एकदा ऐका.

कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना हायस्कूलमधल्या मुलांचा हा बँड. त्यांची ही बिनशब्दांची धून १९६३ साली बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. सुरुवातीला गिटारच्या तारांवरून घसरत येणारा आवाज सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण त्यानंतर कान देऊन ऐकलंत तर जाणवेल, की बास, ऱ्हिदम गिटार आणि रॉब मार्शलचा इलेक्ट्रिक पियानो पुढे आहेत. लीड गिटार आणि ड्रम्स मागे ठेवलेत. ज्याला आपण नायक समजतो, तो इथे मागच्या रांगेत आहे. मधल्या भागात तर सूत्रं पियानोकडेच येतात.

हा पियानो नेमकं काय करतो? त्या काळच्या वुर्लिट्झर पियानोचं उदाहरण घेऊ. त्यात तारा नसतात, पोलादी पट्ट्या असतात. आपल्या पेटीतही धातूच्या पट्ट्याच असतात, पण तिथे त्या हवेनं थरथरतात. इथे कळ दाबली की फेल्ट लावलेली छोटी हातोडी पट्टीवर आदळते. पेटीचा सूर भात्यात हवा आहे तोवर टिकतो. या पियानोचा सूर उठतो आणि लगेच ओसरायला लागतो. 'पाइपलाइन'मध्ये मला समुद्र ऐकू येतो तो या ओसरण्यात. गिटार लाटेवर स्वार होते, पियानो ती लाट मागे खेचतो.

याच्या शेजारी बीच बॉइजचं 'सर्फिन यूएसए' ठेवून पाहा, तेही १९६३चंच. त्यात मध्येच ऑर्गनचा छोटा तुकडा येतो आणि मागोमाग गिटारचा. ऑर्गनचा सूर कळ सोडेपर्यंत तसाच राहतो, ओसरत नाही. म्हणून तो तुकडा मजेदार असला, तरी मला त्यात पाणी दिसत नाही. दिसते ती किनाऱ्यावरची पार्टी. गाण्याला तेच हवं होतं, त्यामुळे तक्रार नाही. पण दोन्ही वाद्यांना 'कीबोर्ड' म्हणून एकाच खात्यात टाकलं, तर हा फरक हातातून निसटतो.

शुद्धतावादी म्हणतील, कीबोर्ड म्हणजे या संगीतातला पाहुणा. त्यांना एक आठवण करून द्यायला हवी. सर्फ गिटारचा तो ओलसर, गुहेत घुमल्यासारखा आवाज म्हणजे स्प्रिंग रिव्हर्ब. फेंडर कंपनीनं १९६१ साली त्यासाठी वेगळी पेटी बाजारात आणली. पण स्प्रिंगमधून आवाज घुमवायची ही युक्ती हॅमंड कंपनी आपल्या ऑर्गनसाठी आधीपासूनच वापरत होती. ज्या गुणामुळे गिटार 'सर्फ' वाटते, तो गुणच ऑर्गनच्या घरून आलेला आहे.

१९८७ साली 'बॅक टू द बीच' या चित्रपटासाठी डिक डेल आणि स्टीव्ही रे व्हॉन यांनी 'पाइपलाइन' वाजवलं. दोघेही अफाट वादक, आणि त्यांची जुगलबंदी ऐकताना टाळी द्यावीशी वाटते. पण तिथे सगळं लक्ष बोटांकडे जातं. मूळ ध्वनिमुद्रणात हायस्कूलच्या मुलांच्या बोटांत तेवढी करामत नव्हती, तरी खोली होती. कारण कोणीतरी मागे राहून साथ करत होतं आणि मिश्रण करणाऱ्यानं ती साथ पुढे आणली होती.

साथीचं मोल आपल्या कानांना नवं नाही. मैफलीत पेटीवाला गवयाला कुठे सावरतो, हे ऐकायची सवय आपल्याकडे आहे. तोच कान इथेही लावा. आधी १९६३चं ऐका, मग १९८७चं. दुसऱ्यात काय जास्त आहे हे पटकन कळेल. काय कमी आहे, ते कळायला पियानो शोधावा लागेल.