रक्त पांढरं दिसतं तेव्हा

सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या एका ज्युनियरने परवा विचारलं, ‘ताई, इतकी मारामारी असलेली कॉमिक्स तू वाचतेस, आणि वर त्यावर पीएचडी?’ मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला, कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी नेमका हाच प्रश्न टाळला होता. ‘हिंसक कॉमिक्सचा वाचकावर होणारा परिणाम’ असं भारदस्त शीर्षक देऊन मोकळी झाले होते. मला स्वतःला ती का आवडतात, यावर एक ओळही नव्हती. गाईडनी कागद परत केला. शेरा एवढाच: परिणाम मोजणार कशाने?

या रस्त्याने आधी गेलेल्याचं काय झालं ते बघा. फ्रेडरिक वर्थम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक काढलं. त्याच वर्षी घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. शिक्का नसलेला अंक वृत्तपत्रांच्या स्टॉलपर्यंत पोचणं कठीण झालं. पुढे वर्थमची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली आणि २०१२ मध्ये कॅरल टिली यांनी दाखवून दिलं, की त्याने मुलांचं बोलणं बदललं होतं, दोघांचं एकाच्या तोंडी घातलं होतं. म्हणजे निष्कर्ष आधी आणि पुरावा मागाहून. (फील्डवर्कच्या नोंदी नीट ठेवा, साठ वर्षांनीही कुणीतरी उघडून बघतं.)

सत्तरच्या दशकानंतर फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं वाढली आणि तिथे शिक्क्याला कुणी विचारेना. त्याच वाटेने डार्क हॉर्ससारखे छोटे प्रकाशक आले. फ्रँक मिलरने १९९१ मध्ये तिथेच ‘सिन सिटी’ सुरू केलं. मिलर काही उपेक्षित चित्रकार नव्हता. ‘डेअरडेव्हिल’ आणि १९८६ चा बॅटमन त्याच्या नावावर होते. मुख्य प्रवाहात मिळत नव्हती ती एकच गोष्ट त्याला हवी होती: काय काढून टाकायचं हे स्वतः ठरवायची मुभा.

त्याने काढून टाकला तो करडा रंग. नुसतं काळं आणि पांढरं. पहिल्या गोष्टीत मार्व नावाचा राक्षसी अंगाचा माणूस पावसात चालतो. पानामागून पान तो चालतोच आहे, मारामारी नाहीच. पाऊस म्हणजे काळ्या शाईवर ओढलेले पांढरे ओरखडे, आणि मार्वचं शरीर म्हणजे त्या ओरखड्यांच्या मधे उरलेली जागा. रक्तसुद्धा कितीदा पांढरंच. लाल नसल्यामुळे किळस येत नाही, डोळा आधी आकार वाचतो आणि अर्थ मागाहून पोचतो. या उशिरातच सगळी मजा आहे, असं माझं मत झालंय.

आता याच मिलरने लिहिलेलं ‘हार्ड बॉइल्ड’ (१९९० ते ९२) शेजारी ठेवा. चित्रं जेफ डॅरोची. इथे उलटा कारभार: काहीच वगळलेलं नाही. रस्त्यावरचा कचरा, जाहिराती, काचेचा तुकडा न् तुकडा, सगळं सारख्याच बारीक रेषेत. स्वतःला चारचौघांसारखा संसारी गृहस्थ समजणारा नायक खरं तर यंत्र आहे. हे त्याला कळायच्या कितीतरी आधी ती रेषा आपल्याला सांगते, कारण तिच्या लेखी माणूस आणि रिकामा डबा सारखेच. मारामारीचं एक पान बघायला मला पाच-सहा मिनिटं लागतात. सिनेमात हाच प्रसंग चार सेकंदांत संपला असता.

म्हणून मी म्हणते, ओढ रक्ताची नाही, वेळेची आहे. सिनेमातला हाणामारीचा वेग दिग्दर्शकाच्या हातात असतो, इथे तो माझ्या बोटात आहे. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ च्या पुस्तकात दोन चौकटींमधल्या फटीबद्दल हेच दाखवलंय. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि किंकाळी. घाव कुणी घातला? वाचकाने. बाबांच्या पेटीतल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ ठोसा मारायचा, गालावर कवटी उमटायची, विषय संपला. तिथे मी प्रेक्षक होते. इथे मला कामाला लावलंय.

मात्र इथेच माझी अडचण सुरू होते. सगळं आकारात बदलण्याची ही शैली सोयीचीही आहे. ‘सिन सिटी’तल्या बायका बहुतेक वेश्या नाहीतर नर्तकी, आणि काळ्या-पांढऱ्यात त्यांची शरीरं दिव्याच्या खांबाइतकीच शोभेची होतात. मार्वचं दुःख आपल्याला आतून ऐकू येतं. जिच्यासाठी तो खून पाडत सुटतो ती गोल्डी मात्र सुरुवातीलाच मरते आणि आठवण म्हणून उरते. ‘तो काळ, तो प्रकार तसाच होता’ म्हणून हे सोडून देणारे लेख मी बरेच वाचलेत. मला ते पटत नाहीत. करडा रंग काढायचं ठरवणाऱ्याने हेही ठरवलेलंच असतं.

आणि तरीही केविनचं पान आहे. हा खुनी अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळं. मार्व शेवटी त्याचे हालहाल करतो, तेव्हाही तो ओरडत नाही. सूड वाचकाला हवा होता, तो मिळाला, पण किंकाळी मिळाली नाही. तिथे मी दर वेळी थांबते.

सध्या वहीत तेवढंच टिपते आहे: कोणत्या चौकटीवर किती वेळ थांबले, कुठे मागे गेले. गोळ्या आणि प्रेतं मोजायचा तक्ता आधी केला होता, तो आता मागच्या पानांवर पडून आहे. नव्या नोंदींत सगळ्यात जास्त वेळ लागलेलं पान पावसाचं निघालं. केविनचं दुसरं. ज्युनियरला उद्या ही वही दाखवणार आहे.