नावातलं देऊळ

गणपतराव म्हात्रे यांचं ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प १८९६ सालचं. नऊवारी नेसलेली तरुणी, हातात पूजेचं साहित्य, अंगाला चालीचा हलका झोक. देऊळ मात्र शिल्पात कुठेच नाही. पायरी नाही, कळस नाही. ते उभं राहतं नावात. इंग्रजीत या शिल्पाला ‘टू द टेम्पल’ म्हणतात. त्यातून फार तर दिशा कळते. मराठी नावात वाट आहे, चाल आहे आणि चालणारी बाई आहे, हेही त्या ‘गामिनी’त आलंच. एका समासानं शिल्पाभोवतीची सगळी सकाळ दाखवली.

प्रत्येक नावाला हे साधत नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र आहे. त्यासाठी उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी. तिनं ज्योतीला हाताचा आडोसा केलाय, आणि बोटांच्या कडांतून उजेड तांबूस होऊन झिरपतोय. एवढं दिसत असताना ‘होप’ हा शब्द मला जादाच वाटतो. बघणारे या चित्राला सरळ दिवा घेतलेली बाई म्हणतात. त्यांचं नाव मला अधिक पटतं, कारण ते डोळ्यांनी ठेवलेलं आहे.

आज आपल्या दालनांत दोनच वाटा दिसतात. एक तर ‘जर्नी’, ‘सायलेन्स’, ‘इनर सेल्फ’ अशी कुठल्याही चित्राखाली चालतील अशी नावं, नाहीतर ‘अनटायटल्ड’. ‘अनटायटल्ड’वाले चित्रकार गायतोंड्यांचा दाखला देतात. पण गायतोंड्यांनी नाव नाकारलं, ते विचार करून. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणूनही घेत नसत. ती कशाचीच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मग नाव देणार कशाचं? हा नकार त्यांच्या रंगाच्या प्रत्येक थरात दिसतो. कॅटलॉग छापायला जायच्या आदल्या रात्री रकाना भरायचा राहिला म्हणून लिहिलेलं ‘अनटायटल्ड’ वेगळं. त्याला मी आळसच म्हणेन.

मराठीत शब्द कमी पडतात, हेही मला पटत नाही. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात चित्राचा अत्यंत सूक्ष्म विचार मराठीतच केला. चित्रकार रझा १९५०मध्ये फ्रान्सला गेले, तिथेच दशकानुदशकं राहिले, आणि तिथे बसून चित्रांना ‘बिंदू’, ‘तम शून्य’ अशी नावं देत राहिले. काही कॅनव्हासवर तर देवनागरी अक्षरंच उमटली. आणि आपण गिरगावात वाढून ‘मेमरीज’ लिहितो.

माझ्या एका चित्रकार मित्राचं प्रदर्शन उतरवायला गेलो होतो. एक चित्र मला आठवडाभर बंदच राहिलं होतं: वर गडद तपकिरी, खाली राखाडी पट्टा. लेबलवर ‘अनटायटल्ड ७’. गुंडाळायला उलटं केलं, तर मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: वळचण. मी ते पुन्हा सरळ केलं. राखाडी पट्टा ओला होता, आणि कडेचे ते चार ठिपके पागोळ्यांचे होते. विचारलं, हे पुढे का नाही लिहिलंस? तो म्हणाला, “अरे, ते माझ्यापुरतं होतं.”