‘दुर्मिळ’चा शिक्का

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या देवघेवीत ‘दुर्मिळ’ हा शब्द आता इतका सवंग झाला आहे, की त्याच्याकडे जरा संशयानेच पाहावे लागते. इंटरनेटवर कुणी एखाद्या गवयाची घरगुती मैफल चढवतो, ती दुर्मिळ. कुणी केसरबाई केरकरांची अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लावून ती फिरताना दाखवतो, तीही दुर्मिळ. वास्तविक केसरबाईंच्या त्या तबकड्यांतले गाणे पुढे एलपीवर, कॅसेटवर, सीडीवर पुन्हा पुन्हा निघाले. त्यांतली एक भैरवी तर १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाली. ज्या बाईंचा ध्वनिमुद्रणाबाबतचा काटेकोरपणा प्रसिद्ध होता, त्यांचाच आवाज इतका दूर जावा हा योग मजेदार आहे. पण त्याला दुर्मिळ म्हणणे कठीण आहे.

मग दुर्मिळ म्हणायचे कशाला? प्रतींची संख्या मोजून याचे उत्तर मिळत नाही. संग्राहकांचा व्यवहार पाहिला तर असे दिसते, की आधी कुणीतरी नोंद करतो, मग त्या नोंदीतल्या वस्तूचा शोध सुरू होतो आणि शोधूनही ती मिळेनाशी झाली की ती दुर्मिळ ठरते. म्हणजे दुर्मिळपणा हा नोंदीचा परिणाम आहे. ज्या गाण्याची नोंदच कुठे नाही, ते शेवटची फीत नष्ट झाली तरी दुर्मिळ ठरत नाही, कारण ते हवे असलेला कुणी नसतो. म्हसळ्यात बसून ही देवघेव पाहताना हा फरक विशेष डोळ्यांत भरतो. इथे ख्यालगायनाची सभा नाही, तबकड्यांचे दुकान कधी नव्हते. पण इथल्या तालुक्यातल्या माळ्यांवर जे ध्वनिमुद्रण पडून आहे, ते कुणाच्याच ‘दुर्मिळ’ यादीत नाही.

आधी ज्यांनी ही नोंद उत्तम केली त्यांच्याविषयी. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आला आणि त्याने गोहरजानसह अनेकांची गाणी मुद्रित केली. तेव्हापासूनच्या प्रत्येक तबकडीला एक क्रमांक आहे. लेबलावरचा एक आणि लाखेत कोरलेला दुसरा. मायकेल किनियर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या क्रमांकांवरून याद्या सिद्ध केल्या. मुंबईत १९९०च्या सुमारास सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आणि तिच्यासाठी राबणारे सुरेश चांदवणकर यांचे काम याच जातीचे. अशा याद्यांमुळे एखादी तबकडी निघाली होती की नाही, हे ती न ऐकताही सांगता येते. गैरहजेरीचीही नोंद राहते. अल्लादियाखाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते, पण त्यांचे गाणे तबकडीवर नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचेही नाही. हे ‘नसणे’ मराठी संगीतरसिकाला पाठ आहे, आणि त्यावर त्याने मनापासून हळहळूनही घेतले आहे. हळहळण्यासाठीसुद्धा यादी लागते.

तबकडीच्या साडेतीन मिनिटांबाहेरचे गाणे पुढे स्पूलच्या टेपांवर आले. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’, शरच्चंद्र आरोळकर अशा गवयांचे बाजारात निघालेले गाणे अगदी थोडे. त्यांची ओळख पुढच्या पिढ्यांना झाली ती बहुतांशी खाजगी फितींतून. या फितींचा व्यवहार मोठा चमत्कारिक होता. एक द्यायची तर एक घ्यायची. मूळ स्पूल कुणी हातचा सोडायचा नाही. प्रत करून द्यायची ती कधी मुद्दाम अर्धवट, कधी द्रुत गाळून. गवई बंदिश राखतात म्हणून त्यांना नावे ठेवणारे रसिक स्वतः फिती राखताना गवयांच्या वरताण निघाले. इंटरनेटने ही साठेबाजी मोडली, आणि ते फार बरे झाले. आता कुमार गंधर्वांचा एकच राग वेगवेगळ्या वर्षांतला, किंवा आकाशवाणीच्या शनिवार रात्रीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून निवेदकाच्या आवाजासकट घरी टिपलेली मैफल, म्हसळ्याच्या एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहत ऐकता येते.

या उपलब्धतेने समीक्षेचीही परीक्षा होऊ लागली आहे. वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आले. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये त्यांनी घराणी लावली: किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, आणि तोल साधणारे जयपूर मधे. त्या काळच्या वाचकाला ही मांडणी बहुतेक विश्वासावर घ्यावी लागे, कारण वामनरावांनी ऐकलेले गाणे त्याने ऐकलेले नसे. आजचा वाचक पुस्तक उघडून शेजारी चार मैफली लावू शकतो. मी तसे करून पाहिले. माझ्या मते वामनरावांचे नकाशे टिकतात, पण कडा पुसट होतात. आग्र्याच्या गवयाच्या एका लांब, निवांत आलापीने ‘लयीचे टोक’ डळमळते. तबकडीत त्या आलापीला जागाच नव्हती.

मात्र ही तपासणी ध्वनिमुद्रण खरे असेल तरच. जुन्या सगळ्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेल्या नव्हत्या. वेग पाच-सहा टक्क्यांनी वाढला की गाणे अर्ध्या स्वराने चढते. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो आणि त्याची तान आहे त्याहून चपळ वाटते. मग कुणीतरी त्या चपळाईवर लेख लिहितो. फितींवर आणखी एक खोड असते. गुंडाळून ठेवलेल्या टेपेत एका थराचे चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटते, त्यामुळे गवयाने उच्चारण्याच्या क्षणभर आधी तोच बोल अस्पष्टसा ऐकू येतो. शांत जागी समेची चाहूल अशी आधीच लागते तेव्हा ती त्या गवयाची किमया समजू नये.

नोंदीमुळे वस्तू कशी जन्माला येते, याचे ठळक उदाहरण मुंबईतलेच आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ नावाची एलपी केली. रोलँड कंपनीची तेव्हाची नवी यंत्रे घेऊन त्यांनी यमन, तोडी, ललित, मालकंस असे दहा राग नाचाच्या ठेक्यावर बसवले. ती फारशी चालली नाही. पुढे एदो बाउमान या डच संग्राहकाला ती सापडली, त्याने २०१० साली ती पुन्हा काढली, आणि ‘ॲसिड हाउस’ म्हणून जे संगीत शिकागोत काही वर्षांनी उदयाला आले त्याचे बीज इथे आहे, असा गाजावाजा झाला. १९८२ ते २०१० या काळात एलपीच्या प्रती वाढल्या नव्हत्या. लिहिणारे भेटले, एवढाच फरक. मला त्या तबकडीतले रागरूप सरळ आणि बरेचसे शाळकरी वाटते; स्वरावली शुद्ध, पण राग खुलत नाही. तिची गंमत वेगळीकडे आहे. यंत्राला मींड घेता येते आणि आपल्याला मींड हवी असते, एवढ्या साध्या समजुतीवर ती उभी आहे. पण ही चर्चा आपल्याकडे झालीच नाही. शिक्का बाहेरून आला आणि आपण तो मान्य करून मोकळे झालो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९पासून डेव्हिड ट्यूडर आणि गीता साराभाई यांच्या पुढाकाराने जे इलेक्ट्रॉनिक संगीत झाले, त्याच्या फितींचेही असेच. त्या २०२३ साली तबकडीवर आल्या. पण त्या निदान एका संस्थेच्या दप्तरात सांभाळलेल्या होत्या.

म्हसळ्याच्या माळ्यांवरच्या फितींना दप्तर नाही. तिथे काय आहे? बहुतेक कॅसेटी. आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेल्या टू-इन-वनवर आणि मुंबईच्या गिरणगावात राहणाऱ्या चाकरमान्यांनी टिपलेल्या. त्यांत कव्वाल्या आहेत, भजने आहेत, आणि जाखडी आहे: शक्ती-तुऱ्याचे सामने. दक्षिण रायगड आणि रत्नागिरीच्या बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. मधोमध मृदंग, झांज आणि गाणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचणारे गोल फिरतात. दोन पक्ष असतात. शक्तीवाले मायेला, प्रकृतीला श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, पुरुषाला. पेशवाईतल्या कलगी-तुऱ्याचा हा कोकणातला अवतार. गण होतो, गवळण होते, मग सवाल-जवाब रंगतात, रात्र सरते. हाच सामना गावच्या गणपतीतून मुंबईच्या नाट्यगृहात तिकीट लावून गेला, तोही आज झालेला नाही. आता मोबाइलवर टिपलेले सामने यूट्यूबवर शेकड्यांनी आहेत आणि जुन्या कॅसेटींतलेही काही कुणी कुणी चढवतात.

हिंदी चित्रपटाच्या चालीवर सांख्यांचा प्रश्न विचारणे हा प्रयोग नाही तर काय? प्रकृती आधी की पुरुष आधी, हे नाचाच्या ठेक्यावर, समोरच्याला टोमणा मारत, यमक जुळवत विचारायचे आणि समोरच्याने त्याच बैठकीत उत्तर बांधायचे. यंत्रावर मालकंस वाजवण्यापेक्षा हे काकणभर अधिक धाडसाचे आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. चाल उसनी असते म्हणून अभ्यासक नाक मुरडतात. पण नाट्यसंगीताने चाली कुठून कुठून घेतल्या याचा आपण कौतुकाने इतिहास लिहितो.

हे सामने ज्या रीतीने पसरवले जातात, ती रीत मात्र त्यांच्या मुळावर येते. सवाल-जवाब हे संभाषण आहे. पण चाहते आपापल्या पक्षाचे. शक्तीच्या शाहिराचा चाहता त्याचा सवाल चढवतो. तुऱ्याचा जवाब त्याच्या दृष्टीने निरुपयोगी, किंवा अडचणीचा. तुऱ्याचा चाहता जवाब चढवतो तो सवालाशिवाय. मी पाहिलेल्या अनेक चित्रफितींत प्रश्न हवेत लटकत राहतो आणि खाली ‘एकदा ऐकाच’ एवढेच लिहिलेले असते. ख्यालाची मैफल अर्धी मिळाली तरी राग कळतो. सामन्याचा एकच पक्ष मिळाला तर उरते ती बढाई. सवाल कसा फिरवला, शब्द कुठे पकडला, समोरच्याचेच यमक त्याच्यावर कसे उलटवले, हे कळायला दोन्ही बाजू लागतात. आणि हजरजबाबीपणा हीच तर या कलेची कसोटी.

दुसरी हानी शेवटच्या कडव्याची. शाहिरी परंपरेत कवनाची नोंद कवनातच असते. अखेरच्या कडव्यात वस्ताद कोण, गाव कोणते, कवन कुणाचे हे गुंफलेले असते. तबकडीच्या लाखेतला क्रमांक आणि हे कडवे यांचे काम एकच. पण ते शेवटी येते, तोवर ऐकणाऱ्याचा उत्साह आणि मोबाइलमधली जागा दोन्ही संपलेली असतात. कॅसेटचे तर विचारूच नका. एका बाजूला तीस किंवा पंचेचाळीस मिनिटे, बाजू पालटेपर्यंत कडवे गेलेले. ज्या कलेने आपले दप्तर स्वतःच्या पोटात ठेवले, तिचे नेमके पोटच कापले जाते. म. वा. धोंडांना ‘मऱ्हाटी लावणी’ लिहिता आली, कारण लावण्या वह्यांतून छापखान्यापर्यंत पोचल्या होत्या. जाखडीच्या वह्या शाहिरांच्या ट्रंकांत आहेत, आणि त्या दाखवायच्या नसतात.

दाखवायच्या का नसतात, याला कारण आहे, आणि ध्वनिमुद्रणे वाटणाऱ्यांनी ते समजून घेतले पाहिजे. सामना जिंकायचा तर सवाल समोरच्याला नवा वाटला पाहिजे. गणपतीत गायलेला सवाल मोबाइलवरून पसरला की दिवाळीनंतरच्या मुंबईतल्या खेळात त्याला उत्तर तयार. जुन्या गवयांना तबकडीची जी धास्ती वाटे तीच ही. कायदा इथे थोडकीच मदत करतो. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, कलावंताचा सादरीकरणानंतर ५० वर्षे, असे तो सांगतो. घरगुती कॅसेट कधी प्रकाशितच झालेली नसते, तेव्हा तिची मोजणी कुठून करायची? माझ्या मते व्यवहाराने चालावे: चालू हंगामातला सामना शाहिराला विचारल्याशिवाय चढवू नये, आणि वीस-तीस वर्षांपूर्वीचा असेल तर त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नावानिशी, दोन्ही पक्षांसकट चढवावा. ख्यालाच्या फिती वाटणाऱ्यांतले सभ्य लोक आज एवढे पाळतात.

वाट पाहायला वेळही फार नाही. आपल्याकडच्या दमट हवेत चार पावसाळे बंद राहिलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते, आणि ती तशीच लावली तर वाजवणाऱ्या यंत्राचेही डोके जाते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात कौले आणि पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. माळ्यावरचे जे भिजले त्यात कॅसेटी किती होत्या, हे विचारायला कुणी आले नाही. पंचनाम्यात त्यांचा रकाना नसतो.

ज्या वाचल्या, त्यांचा मूळ वेग ठरवणे हे पुढचे काम, आणि त्यात एक विनोद आहे. जाखडीत कीबोर्ड आला म्हणून जुने लोक हळहळतात, पण कीबोर्डाचा स्वर ठरलेला असल्यामुळे त्या कॅसेटींचा वेग बिनचूक लावता येतो. विजेवर टिपलेल्या फितीत तारांची बारीक गुणगुण उतरलेली असते, तिचाही आधार होतो. त्याआधीच्या, गॅसबत्तीच्या उजेडात आणि बॅटरीच्या यंत्रावर, नुसत्या मृदंग-झांजेवर टिपलेल्या फितीत यांतले काहीच नसते. तिथे शाहिराचा आवाज खरा किती जाड होता हे सांगायला तो समोर बसून ऐकलेला माणूस लागतो, आणि तो आता बहुधा विरार-नालासोपाऱ्याला मुलाकडे असतो, गणपतीचे पाच दिवस गावी येतो.