सात बुटके, एक धांदरट शिपाई आणि हिवताप

पडद्यावर एक भित्तिपत्रक दिसते. फरारी गुन्हेगाराला पकडून देण्यासाठी पोलीस लावतात तसे. आरोप दोन : रोग पसरवणे आणि माणसांच्या कामाचे तास चोरणे. आरोपी हवा आहे, जिवंत किंवा मृत. आरोपीचे नाव ॲनॉफिलिस, म्हणजे हिवतापाचा प्रसार करणारी डासाची मादी.

‘द विंग्ड स्कर्ज’ (पंख असलेली पीडा) हा १९४३ सालचा सुमारे दहा मिनिटांचा कार्टूनपट असा सुरू होतो. तो वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने केला. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि हॉलिवुडमधील कार्टून तयार करणारे कलावंत सरकारी कामाला जुंपले गेले. सैनिकांसाठी, कारखान्यांतील कामगारांसाठी, घरी राहिलेल्या नागरिकांसाठी आणि दक्षिण अमेरिकेतील मित्रराष्ट्रांसाठी शेकडो लघुपट निघाले. कर वेळेवर भरा, स्वयंपाकातली उरलेली चरबी जपून ठेवा, बंदूक साफ ठेवा, लस टोचून घ्या, असे नाना विषय त्यांत होते. त्यांतले बरेच पट आज इंटरनेटवर सहज पाहता येतात, आणि काही शिक्षक ते वर्गात दाखवतातही. म्हणूनच ‘छान आहेत’ एवढ्यावर न थांबता ते नीट तपासायला हवेत. येथे मी हिवतापावरचे तीन पट निवडले आहेत. विषय आपल्या ओळखीचा आहे, आणि डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीची वाढ होते हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्याच देशात, सिकंदराबादला, दाखवून दिले होते.

अमेरिकी सरकारला त्या वेळी हिवतापाची एवढी काळजी का वाटावी? कारण सरळ आहे. मार्च १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या ताब्यात गेले. जगातील क्विनाइनचा बहुतांश पुरवठा तेथील सिंकोनाच्या मळ्यांतून होत असे. औषध गेले आणि सैन्य मात्र पॅसिफिकमधील दमट बेटांवर उतरत होते. डीडीटी सैन्याच्या हाती मोठ्या प्रमाणात यायला अजून अवकाश होता. उरला उपाय एकच : माणसांना शिकवणे.

आता ‘विंग्ड स्कर्ज’कडे पुन्हा वळू. त्याचा पूर्वार्ध शिक्षकाने दाद द्यावी असा आहे. डास आजारी माणसाला चावतो, त्याच्या रक्तातून परजीवी डासाच्या शरीरात जातात, तेथे वाढतात, आणि मग तोच डास निरोगी शेतकऱ्याला चावतो. शेतकरी अंथरुणाला खिळतो, शेत ओस पडते. डासात रोग आपोआप उपजत नाही, तो माणसाकडून येतो, ही हिवतापाच्या चक्रातली कळीची गोष्ट चित्रांतून स्वच्छ उमटते. फळ्यावर बाणांचे वर्तुळ काढून हे सांगताना आपली किती दमछाक होते हे वेगळे सांगायला नको.

उत्तरार्धात निवेदक प्रेक्षकांतून स्वयंसेवक मागतो आणि पुढे येतात ते हिमगौरीचे सात बुटके! मग डबकी बुजवणे, पाण्यावर तेल पसरणे, ‘पॅरिस ग्रीन’ची भुकटी टाकणे, खिडक्यांना जाळ्या लावणे, मच्छरदाणी बांधणे ही कामे ते गाणे-बजावण्याच्या थाटात उरकतात. बुटके बोलत नाहीत, सारे निवेदकच सांगतो. त्यामुळे स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत पट नेणे सोपे झाले. प्रेक्षकाला उपदेश न करता त्याच्या ओळखीच्या पात्रांना कामाला लावायचे, ही युक्तीही उत्तम आहे.

पण विज्ञान शिकवणाऱ्याने येथे थांबून चालणार नाही. पॅरिस ग्रीन हे तांबे आणि आर्सेनिक यांचे संयुग आहे. त्या काळी ते डासांच्या अळ्या मारण्यासाठी सर्रास वापरत. आज कोणी ते गावच्या तळ्यात टाकावे असे आपण म्हणणार नाही. दुसरे म्हणजे, परजीवी डासाच्या पोटात गेल्यावर तो दुसऱ्याला बाधण्याजोगा व्हायला तापमानानुसार साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात. दहा मिनिटांच्या पटात हा काळ मुलांच्या नजरेतून निसटून जातो. तिसरे, पटातला डास दलदलीत आणि डबक्यात वाढतो. आपल्या शहरांत हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टेफेन्सी हा डास विहिरीत, हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत, स्वच्छ पाण्यात वाढतो. मुंबईतील हिवतापाची चौकशी करून डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये बोट ठेवले होते ते विहिरींवरच. पट पाहून मुले गावाबाहेरच्या दलदलीकडे बोट दाखवतील आणि डोक्यावरची टाकी विसरतील, तर शिकवणे वाया गेले म्हणायचे.

हे दोष माहितीचे आहेत, ते शिक्षकाला दोन वाक्यांत दुरुस्त करता येतात. त्याहून अवघड प्रश्न मांडणीचा आहे. त्यासाठी आता डिस्नेचे बुटके सोडून सैन्याच्या छावणीत जाऊ.

१९४३ पासून अमेरिकी सैनिकांना दर पंधरवड्याला एक चित्रपट-नियतकालिक दाखवले जाई. त्यात ‘प्रायव्हेट स्नाफू’ नावाच्या शिपायाचे तीन-चार मिनिटांचे कार्टूनपट असत. सामान्य नागरिकांना ते दाखवले जात नसत. ‘स्नाफू’ हा सैनिकी बोलीतला शब्द. त्याचा अर्थ साधारण असा : ‘परिस्थिती नेहमीसारखीच, म्हणजे सगळा गोंधळ.’ कल्पना दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या विभागाची, चित्रण वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून स्टुडिओचे, आवाज मेल ब्लँक यांचा. बऱ्याच पटांचे लेखन थिओडोर गायझेल यांनी केले, जे पुढे ‘डॉ. स्यूस’ या नावाने मुलांचे लेखक म्हणून जगभर गाजले.

स्नाफू धांदरट, आळशी आणि बढाईखोर आहे. तो प्रत्येक नियम मोडतो आणि त्याचे फळ भोगतो. ‘स्पाइज’ (१९४३) या पटात तो एक गुपित पोटात ठेवू शकत नाही. थोडे याला, थोडे तिला सांगतो. हेर ते तुकडे जोडतात, आणि स्नाफूचे जहाज पाणबुड्यांच्या तोंडी जाते. नरकात पोचल्यावर तो विचारतो, माझे गुपित फोडले कोणी? सैतानाच्या रूपातला हिटलर त्याच्यापुढे आरसा धरतो.

हा आरसा मला या साऱ्या पटांतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. त्याचे म्हणणे असे की धोका बाहेर असेल, पण त्याला दार तुम्ही उघडता. आणि हे म्हणणे वरच्या अधिकाऱ्याच्या आवाजात येत नाही. शिपायाच्याच भाषेत, त्याच्याच सवयींची थट्टा करत येते. ज्याला आपण हसतो तो आपणच आहोत हे प्रेक्षकाला हळूच उमगते. चुकीची लाज न वाटता चूक दिसावी, ही वर्गातलीही मोठी गरज आहे.

हिवतापाच्या बाबतीत मात्र हा आरसा थोडा तिरका होतो. ‘प्रायव्हेट स्नाफू व्हर्सेस मलेरिया माइक’ (१९४४) या पटात उघड्या अंगाने नदीवर गेलेल्या स्नाफूच्या मागे माइक नावाचा डास लागतो. पट हसवतो, अंग झाका आणि मच्छरदाणी नीट लावा हेही सांगतो. पण माइक हे पुरुषाचे नाव! नर डास कोणाला चावत नाही. तो फुलांतला आणि झाडांतला गोड रस पिऊन जगतो. रक्त लागते ते मादीला, अंडी पक्व होण्यासाठी. एक वर्ष आधी आलेल्या ‘विंग्ड स्कर्ज’ने ही गोष्ट बरोबर मांडली होती.

‘इट्स मर्डर शी सेज’ (१९४५) मध्ये ही चूक सुधारली. तेथे ‘ॲनॉफिलिस ॲनी’ ही उतरत्या वयाची डासीण आपल्या गतवैभवाची कहाणी सांगते. पूर्वी शिपाई बेसावध असत तेव्हा आपली चंगळ होती. आता मच्छरदाण्या, अंगाला लावायचे औषध आणि ॲटाब्रिनच्या गोळ्या आल्या आणि वाईट दिवस आले. रोगकारकाच्या तक्रारीतून उपायांची यादी सांगण्याची ही युक्ती विलक्षण परिणामकारक आहे. मुलांना ‘डासाचे आत्मवृत्त’ लिहायला सांगणाऱ्या आपल्या मराठीच्या शिक्षकांना ती लगेच पटेल. पण ॲनीची चाल, बोलणे, नटणे हे सारे त्या काळच्या पटांतल्या ‘बदनाम बाई’चे आहे. शास्त्रीय चूक दुरुस्त झाली आणि तिच्या जागी एक सामाजिक समज येऊन बसली : रोग आणणारी ती बाई. शिपायांना हसू आले असेल, पण आज आठवीच्या वर्गात हा पट जसाच्या तसा दाखवायला माझे मन घेत नाही.

डासाला माणसाचा चेहरा देणाऱ्या लेखणीने त्याच काळात उलटेही केले. शत्रुराष्ट्राच्या माणसाला तिने किड्याची कळा दिली. ‘बग्ज बनी निप्स द निप्स’ (१९४४) हा पट स्नाफूचे काही पट करणाऱ्या फ्रिझ फ्रेलेंग यांचाच. शीर्षकातच जपान्यांना दिलेली शिवी आहे. जपानी सैनिक म्हणजे पुढे आलेले दात, जाड चष्मा आणि सगळ्यांचा एकच चेहरा. ससा आइसक्रीममधून बाँब वाटतो आणि प्रेक्षकाने हसायचे असते. याच वर्षांत अमेरिकेतील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना केवळ वंशाच्या कारणाने छावण्यांत डांबले होते. स्वतः गायझेल यांनी १९४२ मध्ये वृत्तपत्रात काढलेली व्यंगचित्रे या संशयाला खतपाणी घालणारी होती. पुढे १९५४ मध्ये, दुर्बलांचा आवाज ऐका असे सांगणारे आपले एक पुस्तक त्यांनी क्योटोतील एका जपानी स्नेह्याला अर्पण केले. जपानचे पटही काही वेगळे नव्हते. ‘मोमोतारो नो उमिवाशी’ (१९४३) मध्ये पर्ल हार्बर हे राक्षसांचे बेट आहे आणि तेथले लोक भित्रे राक्षस.

म्हणजे तंत्र एकच : गुंतागुंत काढून टाका, एक ठळक खूण ठेवा, तिला भडक करा. डासाच्या जीवनचक्राला हे तंत्र लावले की ज्ञान सोपे होते. माणसांच्या समूहाला लावले की माणूस नाहीसा होतो.

मग या पटांचा उपयोग तरी किती झाला? प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हा प्रश्न सुटत नाही. हिवतापाच्या पटांमुळे किती शिपाई वाचले हे वेगळे काढून सांगणे कठीण, कारण गोळ्या, डीडीटी, शिस्त आणि पट हे सारे एकाच वेळी चालू होते. पण काप्रा यांच्याच विभागाने केलेल्या ‘व्हाय वी फाइट’ या माहितीपटांची चाचणी मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली होती. पट पाहिलेले आणि न पाहिलेले अशा सैनिकांच्या तुकड्यांची तुलना त्यांनी केली. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. माहितीत ठळक भर पडली, काही मते थोडी बदलली, पण लढण्याच्या इच्छेवर जवळजवळ परिणाम झाला नाही. माहिती पडद्यावरून मिळते, वागणूक मात्र सहजी बदलत नाही.

याला दुजोरा आपल्या शेजारच्या ब्रह्मदेश आघाडीवर मिळतो. तेथील चौदाव्या सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे न्याव्या लागलेल्या एका सैनिकामागे १२० आजारी सैनिक असत, असे सेनापती स्लिम यांनी नोंदवले आहे. हिवतापावरील मेपाक्रिनच्या गोळ्या (ॲटाब्रिन म्हणजे हेच औषध) सैनिक टाळत. त्यांनी नपुंसकत्व येते अशी अफवा होती. स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या. ९५ टक्क्यांहून कमी सैनिकांनी गोळ्या घेतलेल्या आढळल्या की त्या पलटणीच्या प्रमुखाला दूर केले. असे तीन अधिकारी गेल्यावर उरलेल्यांना अर्थ कळला. पटाने ‘का’ सांगितले तरी ‘रोज’ पाहणारा माणूस लागतोच.

ही कला आपल्याकडेही आली. १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहिला, तेव्हा आपल्या कलावंतांना शिकवायला डिस्नेकडे ‘बाम्बी’सारख्या पटांवर काम केलेले क्लेअर वीक्स आले होते. तेव्हापासून कुटुंबनियोजन, स्वच्छता, लसीकरण यांवर हलत्या चित्रांतून आपणही बोलत आलो आहोत. आणि त्यासोबत युद्धाची भाषाही आली : रोगाविरुद्ध लढाई, जंतू म्हणजे शत्रू. २०२० साली करोनाच्या साथीत या भाषेची किंमत आपण पाहिली. विषाणू शत्रू ठरला, आणि पाहता पाहता ज्याच्या अंगी तो सापडला तो शेजारीही शत्रू ठरला. रुग्णांना आणि त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना घरात घेऊ नये म्हणणाऱ्या सोसायट्या निघाल्या. ‘विंग्ड स्कर्ज’मधला डास रोग कोठून घेतो ते आठवा. आजारी माणसाकडून! फरारी गुन्हेगाराचे भित्तिपत्रक एकदा रंगवले की त्यावरचे चित्र बदलायला वेळ लागत नाही.

तेव्हा हे पट दाखवू नयेत का? मी तर दाखवावेत असे म्हणेन. ‘विंग्ड स्कर्ज’ अवश्य दाखवा, पण अर्ध्यावर थांबवा आणि विचारा : डास चावला नसता तर रोग कोठे राहिला असता? माणसात. मग माणूस गुन्हेगार का? नाही, त्याला लवकर औषध मिळणे हाच साखळी तोडण्याचा एक मार्ग. पट संपला की सात बुटक्यांच्या जागी सात मुलांचे गट करा आणि त्यांना शाळेच्या गच्चीवर, हौदाकडे, कुंड्यांखालच्या ताटल्यांकडे पाठवा. अळ्या कोठे सापडल्या त्याचा नकाशा काढा, आणि दर आठवड्याला तो पुन्हा काढा, कारण अळीचा डास व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. वरच्या वर्गांना ‘स्पाइज’ दाखवा, त्यातला आरसा दाखवा, आणि त्याच पटात हेरांचे चेहरे कसे काढले आहेत हेही विचारा.

ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या धांदरट शिपायाकडून एवढे घेण्यासारखे आहे. नकाशावर आपल्याच शाळेची टाकी लाल रंगात उठली की मुले हसतील, थोडी ओशाळतील आणि झाकण शोधायला धावतील. हिवतापावरचा धडा तेव्हा पुरा झाला असे समजायला हरकत नाही.