लोकाभिरुचीचे भाकीत

कोणते गीत लोकांच्या ओठी बसेल हे आधी सांगणे धाडसाचे. 1952 मध्ये केंद्रीय नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर यांनी ते केले. चित्रपटगीते आकाशवाणीवरून दूर सारली की श्रोता अभिजात संगीताकडे वळेल, अशी त्यांची धारणा होती. (परिपत्रकाने माणूस सुधारतो, ही श्रद्धा आम्हां सरकारी नोकरांस अपरिचित नाही.) श्रोता वळला खरा, पण रेडिओ सिलोनकडे! त्याच वर्षाअखेर तेथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. 1957 मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली.

गीतमालेने हुकूम सोडला नाही, कौल मागितला. आरंभी सात गीतांचा क्रम लावण्याची स्पर्धा होती. पुढे रेकॉर्डांचा खप व श्रोतासंघांची पसंती यांवरून पायऱ्या ठरू लागल्या. वार्षिक अग्रस्थान मिळालेले गीत चिरंजीव होणार, असे मग सहजच वाटे. पण 1957 चे शिखर ‘प्यासा’ने गाठले नाही, ‘नया दौर’नेही नाही; ते गाठले एस. एन. त्रिपाठींच्या ‘जनम जनम के फेरे’मधील युगुलगीताने. चाल गोड आहे, यात शंका नाही. मात्र येथे बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर, कानडी गाण्यांमधून अवचित ऐकू येतात ते ‘प्यासा’तील साहिरचे शब्द. त्रिपाठींची चाल तेथे मी अद्याप ऐकलेली नाही.

केसकरांच्या पदरी एक श्रेय घातलेच पाहिजे: 1952 मध्येच सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. त्यासाठी श्रोत्याला सिलोन गाठावे लागले नाही.